कोड बोर्डात जात नाही? तो कुठं अडला ते आधी शोधा

ऑक्टोबर छाटणी होऊन वीसेक दिवस झाले होते. आभाळ भरून आलेलं, फुटवे कोवळे, आणि मणेराजुरीच्या बागेतून धाकट्या भाऊजींचा फोन आला. “वहिनी, डब्यात नवीन कोड जाईना. नुसती लाल अक्षरं येतायत.”

“काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

“लई आहे ओ. तुम्हीच येताय का?”

मी गेले नाही. फोनवरच वीस मिनिटांत सुटलं. ते कसं सुटलं हे पुढं येईलच, पण त्या रात्री ठरवलं की ही सगळी पद्धत एकदा लिहून काढायची. मी माधवनगरला घराच्या खालच्या खोलीत द्राक्षबागेसाठी छोटे डबे बनवते. पान किती वेळ ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, तापमान किती, एवढं मोजून डबा मोबाईलवर कळवतो. पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी (केवडा) रोगाला वाट मोकळी होते. अशा वेळी डबा दोन दिवस बंद पडला तर फवारणीचा अंदाज चुकतो आणि घड हातचे जातात. शिवाय रविवारी कॉलनीतली आठ-दहा मुलं माझ्याकडं आर्ड्विनो (डब्यात असतात तसे, कोड टाकून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकायला येतात. त्यांचंही निम्मं रडं याच गोष्टीचं असतं: “काकू, बोर्ड कनेक्ट होत नाही.”

लाल अक्षरांना घाबरून आयडीई (कोड लिहून बोर्डात पाठवायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. नवीन बोर्ड मागवू नका. ती अक्षरं वाचा. त्यात ‘एरर’ किंवा ‘फेल्ड’ असलेली जी पहिली ओळ येते ती कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या. कोड कुठपर्यंत पोचला हे त्या ओळीत लिहिलेलं असतं.

आणि त्याच्याही आधी एक काम. अपलोडच्या बाणाला हात न लावता शेजारचं बरोबरचं चिन्ह (✓) दाबा, म्हणजे व्हेरिफाय. तिथंच लाल आलं तर बोर्ड, केबल, पोर्ट कशाचाही संबंध नाही. कोडमध्ये चूक आहे किंवा एखादी लायब्ररी (कोडला लागणारा तयार कोडचा संच) नाही. अर्धविराम राहिलेला असताना मुलं तासभर केबल बदलत बसलेली मी पाहिली आहेत.

कोडची वाट

कोड एका उडीत चिपमध्ये जात नाही. आयडीई आधी तो चिपच्या भाषेत उतरवतं, म्हणजे कंपाइल करतं. मग उनो, नॅनो या आर्ड्विनो बोर्डांसाठी एव्हीआरड्यूड आणि ईएसपी३२ या वायफाय असलेल्या बोर्डासाठी ईएसपीटूल नावाचा प्रोग्रॅम पुढचं काम हातात घेतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडं पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायचं दार, मागतो. पोर्ट मिळतो ड्रायव्हरमुळं, म्हणजे बोर्डावरची यूएसबी चिप ओळखणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळं. तिथून केबल, केबलमधून बोर्डावरची यूएसबीची चिप. स्वस्त बोर्डांवर ही बहुतेक सीएच३४० असते, ईएसपी३२ वर बऱ्याचदा सीपी२१०२, आणि मूळ उनोवर एटीमेगा१६यू२. ही चिप यूएसबीचं बोलणं सीरियलमध्ये (मुख्य चिपला कळणाऱ्या, एकामागून एक बिट पाठवायच्या पद्धतीत) बदलते आणि मुख्य चिपला रीसेटही देते. रीसेट झाल्यावर मुख्य चिपमधला बूटलोडर (नवीन कोड आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) थोडाच वेळ कान देऊन ऐकतो. तेवढ्यात कॉम्प्युटरची हाक पोचली तर तो कोड घेतो. नाही पोचली तर आधीचाच जुना कोड चालू करतो.

म्हणून मी शोधायला कॉम्प्युटरच्या बाजूनं सुरुवात करते आणि बोर्डाकडं सरकत जाते. त्या आधी बोर्डाला लावलेलं सगळं काढते: सेन्सर, रिले, डिस्प्ले, बाहेरचा सप्लाय. फक्त बोर्ड आणि केबल. नवख्या माणसाला हे वेळखाऊ वाटतं. मला त्यानं किती वेळ वाचवलाय ते ईएसपी३२ कडं आल्यावर सांगते.

पोर्टच दिसत नाही

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘पोर्ट्स’ची यादी समोर ठेवा आणि केबल काढा-घाला. काढल्यावर जे नाव जातं आणि घातल्यावर परत येतं, तो तुमचा बोर्ड. कॉम ३, कॉम ७, आकडा कुठलाही असो. यादीत हालचालच नसेल आणि केबल घातल्याचा आवाजही येत नसेल, तर ड्रायव्हरकडं जाऊ नका. केबल बघा.

चार्जिंगच्या कित्येक केबलींमध्ये फक्त दोनच तारा असतात, लाल आणि काळी. वीज जाते, बोर्डावरचा दिवा लागतो, आणि दिवा लागला म्हणजे केबल चांगली अशी आपली खात्री होते. डेटासाठी आणखी दोन तारा लागतात, पांढरी आणि हिरवी. मुलांना पटावं म्हणून मी एकदा ब्लेडनं दोन केबली त्यांच्यासमोर उभ्या चिरल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच जाड, सारख्याच काळ्या. एकीत चार रंग निघाले. दुसरीत दोनच, आणि बाकी जागेत नुसता दोरा भरलेला. त्या दिवसापासून मुलांनी मला केबलवरून प्रश्न विचारला नाही.

केबल न कापता तपासायची असेल तर तीच केबल मोबाईलला लावा आणि एक फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उतरला तर डेटाच्या तारा आहेत. तपासलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना मी लाल नेलपेंटचा ठिपका देते. ठिपका नसलेली केबल माझ्या बाकावर येत नाही.

भाऊजींचं नेमकं हेच झालं होतं. ठिपक्याची केबल घरी राहिली होती आणि त्यांनी पॉवर बँकेची लावली होती. “डब्यात दिवा लागलाय ओ वहिनी,” असं तीनदा सांगितलं त्यांनी. लाल ओळीत अपलोडसाठी पोर्टच दिलेला नाही अशा अर्थाचं लिहिलं होतं, त्यावरून मला कळलं. शेजारच्या बागेतल्या पोराकडून मोबाईलची केबल आणली आणि पोर्ट आला.

टाईप-सी बोर्डाचं एक वेगळंच आहे. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल लावली की काही स्वस्त बोर्डांचा दिवासुद्धा लागत नाही. अशा बोर्डाच्या सॉकेटवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घातलेले नसतात, त्यामुळं समोरचा पोर्ट वीजच सोडत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावा, चालू होतो. बोर्ड मेला म्हणून परत पाठवायच्या आधी एवढं करून बघा.

केबल चांगली आहे, आवाज येतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह किंवा ‘अननोन डिव्हाइस’ दिसतं, तेव्हा ड्रायव्हर. बोर्डावरच्या यूएसबी चिपचं नाव भिंगातून वाचा आणि त्याच चिपचा ड्रायव्हर घाला. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी नाव वाचता येतं. सीएच३४० ला सीपी२१०२ चा ड्रायव्हर चालत नाही. डेस्कटॉप असेल तर पुढच्या सॉकेटऐवजी मागच्या, मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये लावून बघा, आणि हब असेल तर काढून टाका.

बागेत वापरलेल्या बोर्डांचं आणखी एक दुखणं: मायक्रो यूएसबीचं सॉकेट पायातून हलतं. केबल बोटानं हलकी वर-खाली दाबून बघा. पोर्ट येतो-जातो असं झालं तर सॉकेटचे टाके सुटलेत, पुन्हा सोल्डर करावे लागतील.

पोर्ट दिसतो, पण उघडत नाही

‘ॲक्सेस इज डिनाइड’ किंवा ‘पोर्ट बिझी’ आलं तर तो पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पोर्ट मिळतो. आयडीईची दुसरी खिडकी उघडी असेल, त्यात सीरियल मॉनिटर (बोर्डाचं बोलणं दाखवणारी आयडीईची खिडकी) चालू असेल, किंवा थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर मागं चालू असेल. सगळं बंद करा, केबल काढून पुन्हा घाला.

कधी पोर्ट चुकीचाच निवडलेला असतो. लॅपटॉपवर ब्लूटूथसुद्धा कॉम पोर्ट तयार करतं, आणि जुन्या डेस्कटॉपवर कॉम १ मुळातच असतो. यादीत एक नाव दिसलं म्हणून तो आपला बोर्ड असं धरू नका. वर सांगितलेली काढा-घालाची खूण प्रत्येक वेळी करा.

एवढं करूनही ‘कॅन नॉट सेट कॉम-स्टेट’ अशी ओळ आली आणि बोर्डावर सीएच३४० असेल, तर बहुतेक विंडोज अपडेटनं तुमच्या नकळत ड्रायव्हर नवा केलाय. या चिपच्या काही नकलांचं नव्या ड्रायव्हरशी जमत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि तिथं ‘रोल बॅक ड्रायव्हर’. काल चालत होतं आणि आज काहीही न करता बंद पडलं, अशी तक्रार असेल तर मी आधी इथंच बघते.

लिनक्सवाल्यांसाठी दोन गोष्टी. पोर्ट उघडायची परवानगी ‘डायलआउट’ नावाच्या ग्रुपला असते. आपलं युजर त्या ग्रुपात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता लगेच करून बघणारे पुन्हा तीच ओळ वाचत बसतात. दुसरी गोष्ट उबुंटू २२.०४ ची. सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि गायब होतो. तिथं ‘बीआरएलटीटीवाय’ नावाची सेवा चालू असते. दृष्टिहीन माणसं ब्रेलचं यंत्र कॉम्प्युटरला जोडतात त्यासाठी ती आहे, आणि सीएच३४० चा यूएसबी क्रमांक बघून तिला हे ब्रेलचं यंत्रच वाटतं. घरात कुणी ब्रेलचं यंत्र वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर त्याला हात लावू नका, वेगळ्या यूएसबी चिपचा बोर्ड घ्या.

पोर्ट उघडतो, पण पलीकडून उत्तर नाही

‘नॉट इन सिंक’. उनो आणि नॅनोवाल्यांनी ही ओळ सगळ्यात जास्त पाहिलेली असेल. दहा वेळा प्रयत्न केला आणि चिपकडून ओळखीचं उत्तर आलं नाही, एवढाच तिचा अर्थ. पोर्ट, ड्रायव्हर ठीक आहेत. दोष पुढं आहे.

नॅनो असेल तर आधी टूल्समधला प्रोसेसर बघा. तिथं ‘एटीमेगा३२८पी’ आणि ‘एटीमेगा३२८पी, ओल्ड बूटलोडर’ असे दोन पर्याय असतात. जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगानं ऐकतो, २०१८ पासून आलेला नवा ११५२०० च्या. आमच्या मिरज जंक्शनात पूर्वी तीन रुंदीचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज. एका रुळाची गाडी दुसऱ्यावर जायची नाही, माल उतरवून पुन्हा भरायला लागायचा. इथं माल भरून द्यायलाही कुणी नाही. वेग जुळला नाही की चिपला नुसती खरखर ऐकू येते. स्वस्त नॅनोंमध्ये आजही जुना बूटलोडर सर्रास असतो, म्हणून माझ्याकडं नवीन नॅनो आला की दोन्ही पर्याय करून बघायचे आणि जो चालला त्याची चिठ्ठी बोर्डाच्या पोटाला चिकटवायची.

मग पिन ० आणि १. उनो-नॅनोवर या दोन पिना यूएसबीच्याच वाटेवर आहेत. त्यांना ब्लूटूथचं एचसी-०५ किंवा मोटर चालू-बंद करायचं, सिमकार्डवर चालणारं जीएसएम मॉड्यूल जोडलेलं असेल तर कोड पाठवताना दोघं एकाच वेळी बोलतात आणि चिपला काही कळत नाही. अपलोड करताना त्या दोन तारा काढा. कायमचा उपाय म्हणजे मॉड्यूल दुसऱ्या पिनांवर नेऊन सॉफ्टवेअर सीरियल वापरणं.

हेही नसेल तर दिव्याकडं बघा. बोर्डावरचं रीसेट बटण हातानं दाबून सोडा. ‘एल’ लिहिलेला दिवा भराभर दोन-तीनदा लुकलुकला तर बूटलोडर जिवंत आहे. आता अपलोड करा आणि पुन्हा त्याच दिव्याकडं बघा. हातानं दाबल्यावर लुकलुकतो पण अपलोडच्या वेळी नाही, म्हणजे आपोआप मिळणारा रीसेट चिपपर्यंत पोचत नाही. हा रीसेट यूएसबी चिपच्या डीटीआर पायातून १०० नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून येतो. तो कपॅसिटर उडाला असेल, किंवा प्रो मिनी या यूएसबी नसलेल्या छोट्या बोर्डाला लावलेल्या बाहेरच्या यूएसबी मॉड्यूलला डीटीआरची तारच जोडलेली नसेल. तात्पुरतं भागवायचं तर कंपाइल संपून स्केचनं (म्हणजे कोडनं) किती बाइट्स घेतले ती ओळ दिसली रे दिसली की रीसेट दाबून सोडा. दोन-तीनदा चुकतं, मग हाताला वेळ कळते.

आणि आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. हिला एक पैसा लागत नाही, दोन जंपर तारा लागतात. उनोवर एका तारेनं रीसेट आणि ग्राउंड जोडा. मुख्य चिप आता झोपलेली राहते. दुसऱ्या तारेनं पिन ० आणि पिन १ एकमेकांना जोडा. सीरियल मॉनिटर उघडा, काहीतरी टाईप करून एंटर दाबा. मुलं आपलं नाव टाईप करतात. ते अक्षर कॉम्प्युटरमधून निघतं, ड्रायव्हर, केबल, यूएसबी चिप असं पिनपर्यंत येतं, तारेतून वळतं आणि त्याच वाटेनं परत जाऊन पडद्यावर उमटतं. तार काढली की उमटायचं बंद. नाव परत आलं तर पिनपर्यंतची वाट स्वच्छ आहे. दोष राहिला तो मुख्य चिपमध्ये, बूटलोडरमध्ये किंवा आयडीईतल्या बोर्डाच्या निवडीत. नाव परत आलं नाही तर मागं वळा: केबल, ड्रायव्हर, यूएसबी चिप. निम्मं घर एका चाचणीत झाडून होतं. सातवीतल्या एका मुलीनं तिचं नाव परत आलेलं बघून तार पाच-सहा वेळा काढली आणि लावली. मी तिला थांबवलं नाही.

बूटलोडरच गेला असेल तर तो पुन्हा भरता येतो. दुसरा चांगला उनो घ्या, त्यात ‘आर्ड्विनो ॲज आयएसपी’ हे तयार उदाहरण घाला, त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि ११, १२, १३ या पिना समोरच्या बोर्डाच्या त्याच पिनांना, १० नंबरची पिन समोरच्या रीसेटला जोडा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडही. मग प्रोग्रॅमर म्हणून ‘आर्ड्विनो ॲज आयएसपी’ निवडून ‘बर्न बूटलोडर’. इथं चिपची सही जुळत नाही असा एरर आला तर चिपवरचं नाव पुन्हा वाचा. ३२८पी म्हणून विकलेल्या बोर्डावर ३२८पीबी किंवा १६८ निघते.

ईएसपी३२: बटण, कपॅसिटर आणि बारा नंबरची पिन

ईएसपी३२ वर ‘कनेक्टिंग’ लिहून पुढं ठिपके आणि रेघा येत राहतात आणि शेवटी ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर’ किंवा ‘राँग बूट मोड डिटेक्टेड’ येतं. या चिपला रीसेटच्या क्षणी पिन ० खाली, म्हणजे ग्राउंडला दिसली तरच ती कोड घ्यायला तयार होते. बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर हे आपोआप करतात, पण काही बोर्डांवर रीसेट आधी सुटतो आणि पिन ० नंतर खाली जाते. क्षणाचा फरक, पण चिपनं तोवर जुना कोड चालू केलेला असतो.

हाताचा उपाय: ‘कनेक्टिंग’ दिसलं की बूट बटण दाबून धरा, टक्केवारी सुरू झाली की सोडा. तेवढ्यानं जमलं नाही तर बूट धरून ठेवून ईएन (म्हणजे रीसेटचं) बटण एकदा दाबून सोडा, मग बूट सोडा. दर वेळी हे करायचा कंटाळा असेल तर ईएन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, उणे टोक ग्राउंडला. रीसेट सुटायला थोडा उशीर होतो आणि पिन ० ला खाली जायला वेळ मिळतो. माझ्या प्रत्येक डब्यात हा दोन-चार रुपयांचा कपॅसिटर असतोच, कारण बागेत पाऊस भुरभुरत असताना एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातानं बूट बटण धरायचं जमत नाही.

चिप जिवंत आहे का हे बघायचं असेल तर सीरियल मॉनिटर ११५२०० वर ठेवा आणि बूट धरून ईएन दाबा. ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ आलं तर चिप बोलतेय आणि तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतंय. तरीही अपलोड होत नसेल तर उलट दिशेची वाट बघा: पिन ३ ला तुम्ही काही जोडलंय का? ईएसपी८२६६ वर सुरुवातीला कचरा अक्षरं आली तर वेग ७४८८० करा, वाचता येतील.

आता बारा नंबरची पिन. माझ्या दुसऱ्या डब्यात मातीचं तापमान मोजायला मी डीएस१८बी२० हा सेन्सर लावला होता. त्याच्या डेटाच्या तारेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडं ओढून ठेवावा लागतो. ती तार मी पिन १२ ला दिली, कारण सर्किट बोर्डावर तिथून वाट सोपी होती. सुटा बोर्ड बाकावर चालायचा. डब्यातल्या सॉकेटमध्ये बसवला की ‘फ्लॅश रीड एरर’ येऊन पुन्हापुन्हा रीसेट. कोड टाकायला गेले की चिप ओळखली जायची आणि लिहायच्या वेळी अडायचं. मी केबल बदलली, वेग कमी केला, तीन बोर्ड बदलले. दोन दिवस गेले. शेवटी सॉकेटच्या पिना एकेक करून वर उचलून बोर्ड बसवायला लागले, आणि बारा नंबरची मोकळी राहिली तेव्हा तो चालू झाला.

चालू होताना ईएसपी३२ पिन १२ कडं बघून ठरवते की फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे. ती पिन वर, म्हणजे ३.३ व्होल्टला असेल तर फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते. आपल्या नेहमीच्या बोर्डांवरची फ्लॅश ३.३ वर चालणारी, १.८ वर तिला वाचताच येत नाही. मी रेझिस्टर लावून ती पिन स्वतःच वर ओढून ठेवली होती. तार पिन ४ ला नेली, आजतागायत तक्रार नाही. पिन ०, २, ५, १२, १५ या सगळ्यांना चालू होताना असलं काही ना काही काम असतं. सेन्सर जोडताना दुसऱ्या पिना शिल्लक असतील तर या पाचांना सोडूनच द्या. आणि सगळं काढून सुटा बोर्ड आधी तपासा असं मी वर का म्हटलं, ते या दोन दिवसांमुळं.

मध्येच तुटतं

चाळीस टक्के, साठ टक्के, आणि लाल. अपलोडचा वेग ९२१६०० असेल तर ११५२०० करा, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. लांब केबल असेल तर हातभर लांबीची घ्या. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलीॲम्पियर मिळतात हे लक्षात ठेवा. त्यावर रिले, सर्व्हो आणि जीएसएम मॉड्यूल एकदम चालत नाहीत. सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल नेटवर्क शोधताना क्षणभर २ ॲम्पियरपर्यंत ओढतं आणि बोर्ड तिथंच मान टाकतो. अशा मॉड्यूलला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र एकच ठेवा.

मोटरच्या खोलीत बसून कोड टाकत असाल तर स्टार्टरकडं लक्ष ठेवा. काँटॅक्टर ‘खट्ट’ झाला की त्याच क्षणी यूएसबी तुटते, कारण कॉइलचा झटका हवेतून आणि तारांतून केबलपर्यंत येतो. लिनक्सच्या नोंदींमध्ये तर अशा वेळी ‘ईएमआय’ (आजूबाजूच्या विजेचा अडथळा) असा संशय लिहिलेलाच असतो. शेतीची लाईट यायच्या आधी काम उरका, किंवा लॅपटॉप खोलीबाहेर झाडाखाली घेऊन या.

त्याच खोलीबद्दल आणखी एक, आणि हे कृपा करून कुणी टाळू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या काही स्वस्त टायमर आणि स्टार्टरच्या बोर्डांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटरनं व्होल्टेज पाडलेलं असतं. त्यांचं ‘ग्राउंड’ थेट लाईनला जोडलेलं असू शकतं. असा बोर्ड लाईनवर चालू असताना यूएसबी लावली तर लॅपटॉप जळेल आणि माणसालाही शॉक बसेल. आधी मेन स्विच बंद, मग लाईनच्या तारा प्रत्यक्ष सोडवून बाजूला, कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरवर खात्री, आणि मगच केबल. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी २३० व्होल्टचं काही उघडूच देत नाही.

चिपवर बोट ठेवल्यावर चटका बसत असेल तर वरचं काहीही करत बसू नका. केबल काढा. चिप आतून शॉर्ट झालीय आणि तुमचा यूएसबी पोर्टही तिच्यासोबत जाईल.

आता माझ्या प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला असतो. त्यावर बोर्डाचं नाव, यूएसबी चिपचं नाव, आयडीईत निवडायचा पर्याय, अपलोडचा वेग, कुठली पिन कशाला, आणि कोड टाकताना कुठल्या दोन तारा काढायच्या. भाऊजींच्या डब्यात कागदाशेजारी नेलपेंटचा ठिपका असलेली केबल गुंडाळून, रबर लावून ठेवलीय. गेल्या आठवड्यात त्यांनी रात्री साडेनऊला बागेतूनच कोड बदलला आणि मला नुसता डब्याचा फोटो पाठवला, हिरवा दिवा लागलेला.